बहिणीच्या ताटातली कोंबडी

पत्र

मी चिंचवडला राहते. वय ४१. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी नऊ वर्षांची आहे. मे महिन्यात संगमनेरजवळ मामेभावाकडे गेले होते. त्याची करारावरची पोल्ट्री आहे, पाच हजार पक्ष्यांची. आयुष्यात पहिल्यांदा शेडच्या आत गेले. वासानं डोळे चुरचुरले. विक्रीला आलेल्या कोंबड्या दोन पावलं टाकून खाली बसत होत्या. त्या दिवसापासून बॉयलर माझ्या घशाखाली उतरत नाही. आता आम्ही गावठीच आणतो. जिवंत ५५० रुपये किलो. दीड किलोची कोंबडी ८२५ला पडते आणि साफ करून हातात जेमतेम किलोभर येते. बॉयलर आमच्याकडे २४० रुपये किलो आहे.

धाकटी बहीण भोसरीला असते. मेहुणे टेम्पो चालवतात. तीन मुलं आणि सासूबाई. गटारीच्या रविवारी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. तिनं बॉयलरच केलं होतं. मला राहवलं नाही, म्हणाले, "मुलांना हे विष कशाला घालतेस?" माझी मुलगी मावसभावांना म्हणाली, "तुमची प्लॅस्टिकची कोंबडी." बहीण तेव्हा गप्प बसली. मागाहून भांडी घासताना एवढंच म्हणाली, "ताई, तुझ्या एका कोंबडीत माझे तीन रविवार होतात." त्यानंतर तिचा फोन नाही, माझाही नाही. आता दोघींकडे श्रावण आहे, पण तो संपल्यावर काय? मी पुन्हा बॉयलर आणायला लागू का? की माझंच बरोबर आहे आणि तिला समजावायला हवं? आणि एक खरं सांगते, हल्ली चिकनच्या दुकानापुढची रांग दिसली की मनात त्या माणसांबद्दल वाईटच येतं. माझं मलाच ते आवडत नाही.

— एक ताई

उत्तर

ताई, बॉयलर पुन्हा आणायला लागू नका. शेडमध्ये जे पाहिलंत ते खोटं नव्हतं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं पुसून टाकता येत नाही. परवडतंय तोवर गावठी आणा. पण बहिणीच्या घरी तोंडातून गेलेला 'विष' हा शब्द तुम्हाला परत घ्यावा लागेल. तिचं मन दुखावलं म्हणून घ्यायचाच, पण त्याच्याही आधी, तो खरा नाही म्हणून.

ती कोंबडी दोन पावलांवर का बसत होती, तिथून सुरुवात करते. बॉयलरचं पिल्लू शेडवर येतं तेव्हा चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं असतं. ३५ ते ४२ दिवसांत ते दोन किलोच्या वर जातं. सहा आठवड्यांत जवळजवळ पन्नासपट. लोक म्हणतात इंजेक्शन देऊन फुगवतात, हॉर्मोन टोचतात. तसं होत नाही. पाच हजार पक्ष्यांना एकेक करून इंजेक्शन देत बसणं तुमच्या मामेभावाला कधी परवडलं असतं? ही वाढ जातीतच भरलेली आहे. कमी खाऊन लवकर वजन धरणारे पक्षी निवडायचे, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा तसेच निवडायचे, असं गेल्या शतकाच्या मध्यापासून पिढ्यान्‌पिढ्या चाललं, त्यातून हा पक्षी घडला. छाती भरते, पण पाय त्या वेगाला पुरे पडत नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्याला बसून राहणंच सोपं जातं. पक्ष्यामागे जागा साधारण एक चौरस फूट, खाली भाताचं तूस, त्यात मिसळत गेलेली विष्ठा आणि तिच्यातून निघणारा अमोनिया. तुमचे डोळे चुरचुरले ते त्यानं. मे महिन्यात गेलात, म्हणजे पंखे आणि फवारे लावूनही ते पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकत असणार. हे पाहून ज्याला काहीच वाटत नाही त्याच्यापेक्षा तुम्हाला वाटलं ते चांगलंच आहे. ते गमावू नका.

मात्र हा पक्षी स्वस्त का, तेही याच गोष्टीत आहे. एक किलो वजन धरायला बॉयलरला दीड-पावणेदोन किलो खाद्य पुरतं, मका आणि सोयाबीनची पेंड. आपल्याकडची परसातली कोंबडी दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने घेते, आणि तेवढे दिवस तिला सांभाळायचं असतं. २४० आणि ८२५ यांतलं अंतर बहुतेक दिवसांचं आणि खाद्याचं आहे. त्यात कुणाच्या चांगुलपणाचं मोजमाप नाही.

मामेभावाबद्दलही मनात काही आलं असेल तर काढून टाका. करारावरच्या पोल्ट्रीत पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीची जाग शेतकऱ्याची. विक्रीच्या दिवशी वजन होतं आणि किलोमागे ठरलेले काही रुपये त्याच्या हाती येतात, मर वाढली तर त्यातूनही कापले जातात. एका शेडमध्ये किती पिल्लं टाकायची हे तो एकटा ठरवत नाही.

आता विषाचं. काळजी करण्यासारखी एक गोष्ट खरोखर आहे, आणि ती हॉर्मोनची नाही, प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिक औषधांची आहे. २०१४ साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले. त्यांतल्या ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. पुढे २०१९ साली केंद्र सरकारनं कोलिस्टिन हे औषध खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला बंदी केली, कारण माणसाच्या अवघड संसर्गात बाकीची औषधं थकली की हाताशी उरतं त्यांपैकी ते एक आहे. पण या धोक्याचं स्वरूप नीट समजून घ्या. एक ताट जेवल्यानं भाच्यांच्या पोटात विष जात नाही. धोका असा की जंतू औषधांना सरावतात आणि मग ती औषधं कुणालाच लागू पडत नाहीत. बॉयलर खाणाऱ्याला नाही, गावठी खाणाऱ्याला नाही, आणि ज्यानं जन्मात मांसाला हात लावला नाही त्यालाही नाही. हे दुखणं गोठ्यापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांचं मिळून आहे. ते तुमच्या बहिणीच्या पातेल्यात शोधणं चूक आहे.

आणि नीट शिजवलेल्या त्या चिकनमधून तिच्या तीन मुलांना जी प्रथिनं मिळतात, तेवढीच तुमच्या गावठीतून तुमच्या मुलीला मिळतात. गावठीत चरबी कमी, चव जास्त, मांस चिवट, कारण ती वयानं मोठी असते आणि हिंडलेली असते. फरक एवढाच.

कोंबडीबद्दल भीतीचा शब्द फार लवकर पसरतो आणि पसरला की गरिबाच्या अंगावर पडतो, हे आपण आपल्या राज्यात पाहिलंय. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. तिथल्या कोंबड्या माराव्या लागल्या, ते करणं भागच होतं. पण नवापूरपासून शेकडो मैलांवर चिकन विकणाऱ्यांचीही गिऱ्हाइकं तुटली. २०२०मध्ये तर काहीच आधार नसताना कोंबडीनं कोरोना होतो अशी आवई उठली. भाव मातीमोल झाले, काही पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले. म्हणून 'विष' हा शब्द ऐकला की मी थबकते.

आता एक माझ्या घरचं सांगते, कारण तुमच्या बहिणीचं ते वाक्य वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

माझं आजोळ देवरुखकडचं. आजीकडे आठ-दहा कोंबड्या असायच्या. दिवसभर परड्यात उकरत हिंडायच्या, संध्याकाळी खुराड्यात. पिल्लं लहान असली की डालग्याखाली झाकायची, घारीच्या भीतीनं. एखादी खुडूक बसली की आजी तिच्याखाली अंडी मांडायची आणि एकवीस दिवस मोजायची. आज ज्याला दुकानात 'फ्री-रेंज' म्हणतात, ते हेच. त्या कोंबडीची चव मी विसरलेले नाही. पण ती कधी कापली जायची? मुंबईहून चाकरमानी आले तर. जावई आला तर. कुणी तापातून उठलं, तर त्याला सूप म्हणून. देवाला राखण द्यायची असली तर. वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा, कारण आजीच्या लेखी कोंबडी म्हणजे अंडी होती, आणि अंड्यांचे पैसे हेच तिच्या स्वतःच्या हातातले पैसे होते.

एक कोंबडी आणि खाणारी तोंडं चौदा. तंगड्या आजोबांना आणि पाहुण्यांना. मग मामा, मग मुलगे, मग आम्ही मुली. सगळ्यात शेवटी आजी, आई आणि मामी. त्यांच्या ताटात रस्सा, बटाटा, आणि उरली तर मान. आजीला मानच आवडते असं आम्ही पोरं खुशाल समजत होतो. आईनं पहिल्यांदा अख्खी तंगडी खाल्ली ती आम्ही ठाण्याला राहायला आल्यानंतर, एका रविवारी. ती बॉयलरची होती. आई तेव्हा पस्तिशीची होती.

१९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज ही पिल्लं उबवून विकणारी कंपनी सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत पुणं या धंद्याचं मोठं ठाणं झालं. अंडी नि कोंबडी आठवड्याच्या बाजारातली वस्तू झाली. त्याची किंमत त्या पक्ष्यानं मोजली, हे मी वर लिहिलंच आहे आणि त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. पण कोंबडी महाग होती तेव्हा ती कुणाच्या ताटात नसायची, हेही मला विसरता येत नाही. तुमची बहीण किलोभर चिकन सहाजणांत वाढते तेव्हा तिच्या स्वतःच्या ताटात तुकडा पडत असेल, तर तो स्वस्त आहे म्हणून पडतोय. महिन्याचे चार रविवार धरा. बॉयलरनं ९६० रुपये, गावठीनं ३,३००. मधले २,३४० रुपये टेम्पोच्या हप्त्यातून काढायचे की शाळेच्या फीमधून? ती तुम्हाला 'मला परवडत नाही' असं म्हणाली नाही. तीन रविवार म्हणाली. तीन वेळा मुलांचं पोट भरून जेवण. तिनं तिच्या बाजूनं हिशेब केलेला होता, आणि तो विचारपूर्वक केलेला होता. तुम्हाला मात्र वाटलं की तिनं विचारच केलेला नाही. माझ्या मते तिला लागलं ते हे.

तुमच्या बाजूचंही थोडं उकरून पाहू या, रागावू नका. जी तुम्ही गावठी म्हणून आणता, ती कुठली आहे? 'गावरान' अशा पाटीखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कोंबड्या परड्यात वाढलेल्या नसतात. गिरिराज, वनराज, डीपी क्रॉस अशा सुधारित जाती शेडमध्ये किंवा जाळीच्या आवारात, बरंचसं विकतच्या खाद्यावर वाढवतात, आणि अडीच-तीन महिन्यांत विकतात. त्यात गैर काही नाही. बॉयलरपेक्षा त्या हळू वाढतात, चालतात, उडून बसतात. पण तुम्ही जे मनात धरून पैसे देता ते हेच आहे का, ते विचारून घ्या. कधीकधी अंडी देऊन थकलेली लेअर कोंबडीही गावठीच्या नावानं गळ्यात मारतात. पक्षी जिवंत दिसतोय तर पाय पाहा. खरी हिंडलेली कोंबडी असेल तर तळवे राठ, नखं झिजलेली, पाय लांब, छातीचं हाड हाताला टणक लागतं. आणि विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: किती दिवसांची आहे, आणि दिवसा बाहेर सोडता का. खरा पाळणारा आनंदानं सांगतो.

मोकळी हिंडते म्हणजे सुखातच असते असंही नाही. आजीच्या बारा पिल्लांतली चार-पाच हाती लागायची. बाकीची मुंगूस, घार आणि मांजर. मानमोडीचा रोग आला की दोन दिवसांत खुराडं रिकामं. त्यावरची लासोटाची लस तेव्हा आमच्या वाडीत कुणी दिली नाही. बाजाराला नेताना चारचार कोंबड्या पाय बांधून, डोकं खाली करून सायकलला लटकवलेल्या असत, अजूनही मोटारसायकलला लटकवतात. तरीही निवडायचं झालं तर ते जगणं मला शेडपेक्षा बरं वाटतं. माती उकरायला मिळणं, उन्हात पंख पसरून पडणं हे कोंबडीला हवं असतं, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

अंड्यांकडे तुमचं लक्ष गेलंय का? मामेभावाच्या शेडमधले पक्षी निदान जमिनीवर होते. बाजारात मिळणारी बहुतेक पांढरी अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात. एकेकीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा नाही, आणि वर्ष-सव्वा वर्ष तिथंच. तपकिरी अंड्यानंही काही सिद्ध होत नाही, कवचाचा रंग जातीवर जातो, तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्याही पिंजऱ्यात असतात. मुलीच्या डब्यातल्या ऑम्लेटचा तुम्ही विचार केला नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शेड पाहिली म्हणून बॉयलर सुटलं, पिंजरा पाहिला नाही म्हणून अंडं राहिलं. प्रत्येकाचं असंच असतं. जे समोर आलं तिथून माणूस बदलायला लागतो. बहिणीसमोर अजून शेड आलेली नाही, महिनाअखेर आलेली आहे.

मग आपल्याला जे पटलंय ते धरून राहायचं आणि दुसऱ्याच्या ताटावर बोलायचं नाही, हे जमतं का? जमतं. आपल्या घरांमधून ते कायम जमत आलंय. माझे थोरले मामा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकायची नाही. ज्या दिवशी घरात कोंबडी शिजायची त्या दिवशी आजी त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात आमटी करायची, पळीसुद्धा वेगळी. ते ओटीवर बसून आमटी-भात जेवायचे. आत आमची रश्श्यावर झुंबड उडालेली असायची. त्यांनी नाकाला कधी उपरणं लावलं नाही. जीवहत्येवर चार शब्द ऐकवले नाहीत, आणि त्यांना ती हत्या वाटत नव्हती असं मुळीच नाही, म्हणून तर माळ घातली होती. हात धुऊन आत येत आणि विचारत, "पोरं जेवली का सगळी?" मोठेपणी माझ्या दोन मावसभावांनी माळ घातली. दोघंही सांगतात, मामांकडे पाहून. मामा त्यांना त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

तुमच्या घरातही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारं कुणी असेल. मार्गशीर्षातले गुरुवार धरणारी शेजारीण असेल. तिनं तुमच्या फोडणीच्या वासावरून तुम्हाला कधी बोल लावला का? तसंच हे धरा. तुमची गावठी म्हणजे तुमचा नेम. नेम स्वतःचा असतो, वेगळं पातेलं मागण्याएवढाच.

म्हणून बहिणीकडे जेवायला जाल तेव्हा माझं मत असं की ती वाढेल ते खा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तिच्या हातचं बॉयलर खाल्ल्यानं त्या शेडमधलं काही जास्त बिघडत नाही, आणि न खाल्ल्यानं घरातलं बरंच बिघडतं. पण खरंच घशाखाली उतरत नसेल तर स्वतःवर जबरदस्ती नको. मग आदल्या दिवशीच फोन करून सांगा, "उद्या माझ्यासाठी पिठलं कर गं, तुझ्या हातचं खाऊन किती दिवस झाले." कारण सांगत बसू नका. ताटावर बसल्यावर तर नाहीच. ताट वाढून झाल्यावर दिलेलं कारण कितीही गोड असलं तरी वाढणाऱ्या बाईला टोचतं.

तिला समजवायला हवं का, असं विचारलंय. नको. तिनं आपणहून विचारलं, "ताई, तू शेडमध्ये पाहिलंस तरी काय?" तर जे पाहिलंत ते सगळं सांगा, काही लपवू नका. त्या कोंबडीचे पाय, तो वास, मामेभावाला किलोमागे मिळणारे पैसे. सांगून झालं की थांबा. 'म्हणून तू...' असं पुढचं वाक्य सुरू करू नका.

तिच्यासाठी गावठी कोंबडी भेट म्हणून नेऊ नका. मनात आलं असेल, तुमच्या पत्रावरून तुम्ही मोकळ्या हाताच्या वाटता. पण माफी मागायला जाताना ८२५ रुपयांची कोंबडी नेली तर तिला त्यात माफी दिसणार नाही, ती पिशवी तिच्या स्वयंपाकघराला नावं ठेवील. तुमच्या घरी ती मुलांना घेऊन येईल तेव्हा गावठी करा, भरपूर करा. तिथं ती पाहुणचार आहे.

मुलीशी बोलायला हवं, आणि बहिणीशी बोलायच्या आधी. प्लॅस्टिकची कोंबडी तिनं कुठून तरी ऐकलं असेल, पण मावशीच्या घरी ते म्हणायला चालतं, हे तिनं तुमच्याकडून उचललं. तिला रागावू नका. तिच्यासमोर स्वतःची चूक कबूल करा: "मी मावशीच्या जेवणाला नावं ठेवली, ते चुकलं. कोंबडी प्लॅस्टिकची नसते, दोन्ही खऱ्याच असतात. मी मामाच्या शेडमध्ये कोंबड्या दाटीत पाहिल्या, मला वाईट वाटलं, म्हणून आपण दुसरी आणतो आणि कमी वेळा खातो. मावशीच्या घरी सहा माणसं आहेत, ती सगळ्यांना पुरेल अशी आणते." नऊ वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. शेडबद्दलचं तिला सांगू नये असं मला वाटत नाही. मुलांना प्राण्याची कणव वाटू द्यावी, माणसाची पण वाटू द्यावी.

'कमी वेळा' हे मी तुमच्या वतीनं लिहून टाकलं, पण ते तुम्ही खरंच करून पाहा. दर रविवारी गावठी आणण्यापेक्षा महिन्यातून दोनदा आणा. उरलेले दोन रविवार अंडा-करी करा, सुक्या बोंबलाचं कालवण करा, मटकीची उसळ करा. पैसे वाचतात, आणि कोंबडी कमी मरते, जे तुम्हाला मुळात हवंय. गावठीला घाई चालत नाही, कुकरला पाच-सहा शिट्ट्या, वर दहा मिनिटं मंद आंच. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा वाढवला की अर्ध्या कोंबडीत तिघांचं दोन वेळचं होतं. आजी एका कोंबडीत चौदा माणसं जेववायची, ती अशी. फक्त तुकडे वाढताना स्वतःला शेवटी ठेवू नका.

शेड पाहून आलेली तळमळ कुठं तरी लावावी असं वाटत असेल, तर मामेभावाच्या गावाकडे लावा. त्याला स्वतःला गावठी पाळता येणार नाहीत बहुधा, रोग शेडमध्ये शिरू नये म्हणून करारावरच्या पोल्ट्रीजवळ दुसऱ्या कोंबड्या ठेवायला सहसा मनाई असते. पण गावात दूरच्या वस्तीवर परड्यात कोंबड्या पाळणारी एखादी बाई असेलच. मामेभावाला विचारा. तुम्ही आणि ऑफिसातल्या दोघी-तिघी मिळून तिच्याकडून महिन्याच्या कोंबड्या आणि अंडी घेता येतील का पाहा. थोडे पैसे आगाऊ द्या, लासोटाच्या लसीचा खर्च उचला, तो फार नसतो. तिची पिल्लं मानमोडीनं जाणार नाहीत, अंड्यांचे पैसे तिच्या हातात पडतील, आणि तुम्हाला कळेल की तुमच्या घरात आलेली कोंबडी खरोखर उन्हात हिंडली होती.

रांगेतल्या माणसांचं राहिलं. पुढच्या वेळी मनात वाईट येईल तेव्हा क्षणभर थांबून त्यांच्याकडे नीट पाहा. रांगेतला एखादा पोरगा मेस चालवत असेल. एखादी बाई बाळंतिणीसाठी सूपाचं घेत असेल. एखाद्या घरी महिन्याभरानं पगार झाला असेल. त्यांच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही, त्यांच्या पिशवीत बॉयलर आहे एवढंच माहीत आहे. आणि अजून चार महिन्यांपूर्वी तुम्हीही त्याच रांगेत होतात. तेव्हा तुमच्या मनात कोंबड्यांबद्दल काही वाईट नव्हतं, तुम्ही मुलीला चिकन आणायला गेला होतात.

तुम्ही लिहिलंय, श्रावण संपल्यावर काय. मी म्हणते, संपायच्या आत जा. आत्ता तिच्याही घरात कोंबडी नाही आणि तुमच्याही नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली असेल तर नारळीभात करून घेऊन जा, ती झाली असेल तर नुसत्याच जा. आधी फोन करू नका, फोनवर ती 'राहू दे गं' म्हणेल आणि तुम्हाला तेच बरं वाटेल. दुपारी चारच्या सुमाराला जा, मेहुणे कामावर असतील आणि मुलं अजून शाळेतून यायची असतील. तिच्याबरोबर ओट्यापाशी उभ्या राहा आणि सांगा, "विष म्हणाले ते चुकलं माझं. तुझा हिशेब मला कळलाच नव्हता." मग ती काय म्हणते ते ऐका, मध्ये बोलू नका. तिच्याकडे भांडी पडली असतील तर या वेळी तुम्ही घासा.